खरी कॉर्नरचा कॅमेरा आणि तुमच्या कार्टमधला हेडफोन

गेले तीन आठवडे तुमच्या कार्टमध्ये एक हेडफोन पडून आहे. काळा, वायरचा, डब्यावर ‘स्टुडिओ’ असं ठळक छापलेला. किंमत दोन-अडीच हजारांच्या घरात. पॉडकास्ट सुरू करायचाय, नाहीतर मित्राच्या रॅपला बीट द्यायचाय, नाहीतर गॅदरिंगच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत तुमच्या गळ्यात पडलंय. रोज रात्री तुम्ही रिव्ह्यू बघता. एक जण सांगतो, या किमतीत याला तोड नाही. दुसरा सांगतो, पंधरा हजारांच्या खाली स्टुडिओचं काही मिळतच नाही, पैसे साठवा आणि थांबा. तुम्ही थांबता. पॉडकास्टही थांबतो.

स्वस्तातल्या साधनावर खरं काम होतं का, हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी याच कोल्हापुरात एका माणसाला तो पडला होता. फरक एवढाच, की त्याला हवी असलेली वस्तू दोन हजारांत मिळत नव्हती आणि पंधरा हजारांतही नाही. ती लंडनहून आणावी लागायची. त्या माणसाचं नाव बाबूराव पेंटर. नाव तुम्ही ऐकलेलं असतं, जयंतीला पेपरात फोटो बघितलेला असतो. पण त्याने त्या प्रश्नाचं काय केलं, ते एकदा नीट बघा. कार्ट कुठं पळून जात नाही.

मेस्त्रींच्या घरातलं पोरगं

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर कारागिरांचं. लाकूड, लोखंड, कोरीवकाम, रंग, हे सगळं घरातच. तुमच्या घरी वडील दुकान चालवत असतील तर हिशोब तुम्हाला कुणी शिकवावा लागत नाही, तसं बाबूरावांना अवजार धरायला कुणी शिकवावं लागलं नाही. चित्रकलेच्या मोठ्या शाळेत ते गेले नाहीत. बघून, करून, चुकून शिकले. चुलतभाऊ आनंदराव त्यांच्याबरोबर होते आणि दोघांचा हात सारखाच तयार होता.

तेव्हा करमणूक म्हणजे संगीत नाटक. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गाणं, कुस्ती आणि नाटक या तिन्हींचा नाद खुळा होता. नाटकाला लागायचे रंगवलेले पडदे. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असं सगळं कापडावर. साधारण १९१० ते १९१६ या काळात या दोन भावांनी असे पडदे रंगवले, की पश्चिम भारतातल्या नाटक मंडळ्यांत त्यांचं नाव झालं. मराठी कंपन्यांचे पडदे त्यांनी केले आणि गुजराती-पारशी रंगभूमीचेही. मेस्त्री हे आडनाव मागं पडलं. लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं.

म्हणजे पंचविशीच्या आतच चालता धंदा, हातात काम आणि गावात मान. आता इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता.

एक सिनेमा बघितला आणि…

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. तो बघून दोघं भाऊ सिनेमाच्या मागंच लागले. पडद्यावरचं अरण्य हलत नाही. सिनेमातलं हलतं. चित्रकाराला यापेक्षा मोठं आमिष काय दाखवणार?

पण चित्रपट काढायचा तर कॅमेरा पाहिजे. फाळक्यांनी तो कसा मिळवला, हे आठवून बघा. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कोल्हापुरातल्या दोन पेंटरांकडे असा मार्ग नव्हता. त्यात १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि विलायतेतून काही मागवायचं म्हणजे आणखीच अवघड झालं.

मग त्यांनी दोन कामं एकदम सुरू केली. एक, सिनेमा दाखवण्याचा धंदा. दोन, स्वतःचा कॅमेरा जुळवण्याची खटपट. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. त्या काळातला प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही आतून जवळजवळ भावंडंच. दोन्हीत फिल्मची पट्टी सरकते, थांबते, सरकते, थांबते. रोज रात्री प्रोजेक्टर चालवणाऱ्या माणसाला ती चाल हाताला पाठ होते. कुठं अडतं, कुठं फाटतं, कुठं चित्र थरथरतं, ते कळतं. रिव्ह्यू वाचून हे कळत नाही.

अर्ध्या मिलिमीटरचं भांडण

कॅमेरा घरी बनवणं म्हणजे नेमकं काय, हे समजल्याशिवाय या माणसाचं मोठेपण कळायचं नाही. त्यामुळे थोडं यंत्रात डोकं घालू.

मूकपटाच्या काळातला कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडल सेकंदाला साधारण दोन वेळा फिरलं पाहिजे. एका फेऱ्यात आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा. फिल्मची रुंदी ३५ मिलिमीटर आणि दोन्ही कडांना भोकं. आतला एक छोटा पंजा त्या भोकांत शिरतो, फिल्म बरोबर चार भोकं खाली ओढतो, सोडतो आणि मागं जातो. फिल्म सरकत असताना शटर भिंग झाकतं. फिल्म थांबली की शटर उघडतं, उजेड आत येतो, चित्र उमटतं. सेकंदात सोळा वेळा हा खेळ आणि तासन् तास त्यात चूक नको.

चूक झाली तर काय होतं? फिल्मवरचं एक चित्र जेमतेम इंचभर रुंद असतं. पडदा बारा फूट रुंद धरला तर ते चित्र दीडशेपट मोठं होतं. म्हणजे पंजा अर्धा मिलिमीटर चुकला, तर पडद्यावर राजाचा मुकुट सात सेंटिमीटर उडतो. प्रत्येक चित्राला वेगळा उडतो. प्रेक्षकाचं डोकं दुखतं आणि तो उठून जातो.

आता बघा, या यंत्रात कशाला तडजोड चालते आणि कशाला चालत नाही. पेटी कुठल्या लाकडाची, बाहेरून चकचकीत आहे की नाही, वजन जास्त आहे का, यात तडजोड चालते. फिल्म दर वेळी त्याच जागी थांबते का, आत बाहेरचा उजेड शिरतो का, यात तडजोड चालत नाही. कुठल्याही साधनात अशा दोन-तीनच गोष्टी असतात, ज्यांच्यावर सगळं काम उभं असतं. बाकीचा असतो थाट. विलायती कॅमेऱ्याच्या किमतीत दोन्हीचे पैसे धरलेले असतात. पेंटर बंधूंना थाट परवडणार नव्हता, त्यामुळे त्यांना काम तेवढं घडवायचं होतं.

आनंदराव गेले

आणि १९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अजून पुरा झाला नव्हता.

या जागी थोडं थांबून विचार करा. तुमच्या बॅन्डमधला, तुमच्या शॉर्टफिल्मच्या टीममधला तो एक जण, ज्याच्यासोबत तुम्ही हे स्वप्न बघितलं, तोच नाही. यंत्र अर्धवट. पैसा त्यात गेलेला. पडद्यांचा धंदा अजून बोलावतोय. हे सगळं गुंडाळून ठेवलं असतं तरी बाबूरावांना कुणी नाव ठेवलं नसतं.

त्यांनी गुंडाळलं नाही. पेंटर बंधूंच्या हाताखाली शिकलेली पोरं होती. त्यात विष्णुपंत दामले होते, मूळचे पेणचे, यंत्रात डोकं चालणारे. कागलचे फत्तेलाल होते, चित्रकलेत मुरलेले, ज्यांना पुढे सगळे साहेबमामा म्हणायचे. दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी खटपट चालू ठेवली आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालला. भारतात बनलेला पहिला स्वदेशी मूव्ही कॅमेरा म्हणून आज तो ओळखला जातो.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कॅमेरा घरी बनवला तरी फिल्म, रसायनं, कपडे, पगार यांना पैसा लागतोच. तो पैसा गायिका तानीबाई कागलकरांनी पुरवला. ही गोष्ट लोक घाईत सांगून टाकतात, पण ती घाईत सांगण्यासारखी नाही. ज्या काळात सिनेमा हा भल्या घरचा धंदा मानला जात नव्हता, त्या काळात एका बाईने एका पेंटरच्या घरगुती यंत्रावर स्वतःची रक्कम लावली. तिने यंत्राकडे बघितलं असेल की माणसाकडे, हे तुम्हीच ठरवा.

सैरंध्रीची परीक्षा

साधन चांगलं की वाईट, याचा निकाल दुकानात लागत नाही. तो कामात लागतो. बाबूरावांच्या कॅमेऱ्याचा निकाल लागला १९२० च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये. चित्रपट ‘सैरंध्री’. महाभारतातली गोष्ट. विराटाच्या दरबारात दासी बनून राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याचा वध करणारा भीम.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं. ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. कीचकाच्या भूमिकेत झुंजारराव पवार होते आणि भीमाच्या भूमिकेत बाळासाहेब यादव. कीचकवध इतका खराखुरा उतरला, की त्यावरून गहजब झाला आणि ते दृश्य कात्रीत सापडलं. जे यंत्र चालेल की नाही याची खात्री नव्हती, त्याच्यावर टिपलेलं दृश्य लोकांना फार खरं वाटतंय अशी तक्रार आली! यापेक्षा मोठा फाइव्ह स्टार रिव्ह्यू कुठला?

लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टिळक गेले.

कॅमेरा एक, करामती अनेक

पण इथं एक गफलत करू नका. कॅमेरा बनवला म्हणून चित्रपट चांगला झाला, असं नाही. कॅमेऱ्याने फक्त वाट अडवली नाही. पुढचं सगळं माणसाने केलं.

आयुष्याची पहिली कमाई ज्याने पडदे रंगवून केली, त्याच माणसाने चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार करायला घेतला. त्याच्या जागी खरी खोली, खरे खांब, ज्यांच्या मागून माणूस चालत येऊ शकेल असे सेट उभे केले. कॅमेऱ्यापुढे पडदा सपाट दिसतो, हे पडदे रंगवणाऱ्यालाच सगळ्यात आधी कळलं असणार. पात्रं, पोशाख, हालचाली यांची रेखाटनं ते आधी कागदावर करायचे. म्हणजे कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या डोळ्यांनी चित्रपट बघितलेला असायचा.

त्या काळातली फिल्मही खोटं बोलायची. तिला लाल रंग दिसायचा नाही. लाल लुगडं पडद्यावर काळं यायचं आणि निळं आभाळ पांढरंफटक. ती फिल्म वापरणाऱ्याला हे खोटं पाठ असावं लागायचं. कुठला रंग काय होऊन बसतो, हे ज्याला माहीत, त्याला ती फिल्म पुरायची. ज्याला माहीत नाही, त्याला महागातली फिल्मही उपयोगाची नव्हती. हे वाक्य हेडफोनसाठी लक्षात ठेवा, आपण परत येणार आहोत.

१९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. गड चढायचा तो रात्री आणि मूकपट काढायचे ते उन्हात. बाबूरावांनी इथं कृत्रिम प्रकाश वापरून रात्र टिपली. १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. देव नाहीत, राजे नाहीत. कर्जात बुडालेला शेतकरी आणि त्याला गिळणारा सावकार. कथा ना. ह. आपट्यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होता कोल्हापूरचाच एक पोरगा, जो १९२० मध्ये कंपनीत शिरला होता आणि पडेल ते काम करत होता. त्याचं नाव व्ही. शांताराम.

चित्रपटाची माहितीपुस्तिका आणि पोस्टर यांतही बाबूराव पहिल्या फळीत होते. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ मधलं पोस्टर आज हाती असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. ते त्यांनी स्वतः रंगवलं. मार्केटिंग टीम वगैरे भानगड नव्हती.

मग आवाज आला

इथवरची गोष्ट प्रेरणादायी वगैरे आहे. पुढची गोष्ट जरा बोचरी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख संपवणं म्हणजे तुम्हाला अर्धवट रिव्ह्यू देणं.

१९२९ च्या जूनमध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांना बरोबर घेऊन कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली. ज्यांना घडवलं, तेच गेले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि भारतीय पडदा बोलायला लागला. बाबूरावांना या बोलपटांचं कौतुक वाटेना. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने चित्रपटाला जी चित्रांची भाषा मिळाली, ती या बडबडीत बुडून जाईल, अशी त्यांना धास्ती होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बोलपटाच्या लाटेत टिकली नाही. ती बंद झाली.

ज्या माणसाने नव्या यंत्रासाठी उमेदीची वर्षं घातली, त्याला दुसरं नवं यंत्र नकोसं वाटलं. आणि त्यांच्या शेजारी बसून कॅमेरा जुळवणारे दामले? ते प्रभातचे ध्वनिमुद्रक झाले! १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभातचा. पुढे १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. बाबूरावांच्या हाताखाली यंत्राची भीती गेलेल्या माणसाला मायक्रोफोनचीही भीती वाटली नाही.

बाबूराव चुकले का? बाजाराच्या हिशोबाने, हो. पण त्यांची धास्ती अगदीच खोटी नव्हती. सुरुवातीच्या कितीतरी बोलपटांत माणसं माइकभोवती उभी राहून नुसती बोलायची. आणि त्यांनी स्वतः आवाज हाताळला तेव्हा काय केलं, तेही ऐका. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, बोलपट म्हणून काढला. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना त्यातलं एक दृश्य आयुष्यभर विसरता आलं नाही. अंधारात बुडालेली एक झोपडी, लांबून दिसणारी, आणि फक्त एका कुत्र्याचं विव्हळणं. संवाद नाही, गाणं नाही. ज्याला आवाज नको होता, त्याला एक आवाज कुठं ठेवायचा हे पक्कं माहीत होतं.

त्यानंतर ‘प्रतिभा’ झाला. शांतारामांनी बोलावल्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ झाला. बाकी वेळ ते त्यांच्या मूळ घरी, चित्रकलेत आणि शिल्पकलेत, परतले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला छत्रपतींचा अर्धपुतळा, ज्याच्या समोरून तुमची गाडी रोज जाते, तो त्यांच्याच हातचा, १९४५ चा. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. ‘सैरंध्री’ आज बघायला मिळत नाही. त्या काळातल्या फिल्म पेट घ्यायच्या, कुजायच्या, आणि बहुतेक मूकपट असेच संपले.

तर, हेडफोन घ्यायचा का?

आता कार्ट उघडा. बाबूरावांच्या पद्धतीने बघू.

पहिलं, काम कोणतं? आवाज रेकॉर्ड करताना कानाला लावायचा असेल, तर बंद पाठीचा हेडफोन पाहिजे, नाहीतर कानातला आवाज बाहेर झिरपून माइकमध्ये शिरतो. फक्त शांत खोलीत बसून मिक्सिंग करायचं असेल, तर उघड्या पाठीचाही चालतो. आणि रेकॉर्डिंगसाठी वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि तुमचाच शब्द तुम्हाला मागून ऐकू येतो.

दुसरं, तडजोड कशात चालते? रंग, डबा, घडी होते की नाही, कंपनीचं नाव, यात चालते. आवाज डावी-उजवीकडे सारखा येतो का, बेस फुगवलेला नाही ना, दोन तास लावला तर कान दुखतात का, यात चालत नाही. डब्यावरचा ओहमचा आकडा बघा. ३२ च्या आसपास असेल तर मोबाईल-लॅपटॉपवर नीट वाजेल. अडीचशे असेल तर वेगळा अॅम्प्लिफायर लागेल आणि तुमचं बजेट कोलमडेल. कानाच्या गाद्या आणि वायर बदलता येते का तेही बघा, कारण आधी तेच जातं.

तिसरं, परीक्षा. दुकानात वाजवतात ती धडधडती गाणी ऐकू नका. तुम्हाला पाठ असलेलं गाणं घेऊन जा. ‘सैराट’च्या गाण्यांतला मोठा वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय. त्यातली व्हायोलिन एकेक सुटी ऐकू येतात की सगळ्यांचा मिळून एक ढग येतो? किशोरीताईंचं एखादं रेकॉर्डिंग लावा. गाण्यामागचा तानपुरा शेवटपर्यंत ऐकू येतो का? येत असेल तर त्या हेडफोनचा पंजा जागेवर आहे, असं समजा.

चौथं, त्याचं खोटं पाठ करा. स्वस्त हेडफोन कुठंतरी खोटं बोलणारच. कदाचित बेस कमी दाखवेल, कदाचित ‘स’ आणि ‘श’ टोचवेल. महिनाभर तेच हेडफोन लावून चांगली रेकॉर्डिंग ऐका. मग तुमचं मिक्स मोबाईलच्या स्पीकरवर, मित्राच्या गाडीत, हॉस्टेलच्या खोलीत वाजवून बघा. कुठं काय बदललं, ते वहीत लिहा. लाल रंग काळा होतो हे माहीत असलं, की लुगडं कुठल्या रंगाचं घ्यायचं ते कळतं. आणि आवाज बेताचा ठेवा. साधन दुसरं घेता येतं, कान दुसरे मिळत नाहीत.

या चार पायऱ्यांत तो अडीच हजारांचा हेडफोन पास झाला, तर बिनधास्त घ्या. पास झाला नाही तर ‘स्टुडिओ’ या शब्दाला भुलून घेऊ नका. त्यापेक्षा घरात आहे त्या वायरच्या हेडफोनवर पहिला भाग काढा. काम पुढं सरकलं, की नेमकं काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल, आणि त्या दिवशी जास्त पैसे घालणं ही उधळपट्टी ठरणार नाही. उद्या एखादं नवं यंत्र आलं आणि ते तुम्हाला आवडलं नाही, तर नाक मुरडण्याआधी दामल्यांची आठवण काढा. नाक मुरडल्यावरही कामाचं काय करायचं, यासाठी त्या विव्हळणाऱ्या कुत्र्याची.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं शिल्प असलेला एक स्तंभ आहे. महाराष्ट्र फिल्म कंपनी याच परिसरात होती. कॉलेज सुटल्यावर गाडी दोन मिनिटं बाजूला लावा आणि तो बघा. ज्या शहरात हँडल फिरवायचा कॅमेरा गल्लीत बनला, त्या शहरात राहून तुमचा पॉडकास्ट एका हेडफोनपायी अडून बसलाय. आज रात्री रिव्ह्यू बघू नका. पहिल्या भागात काय बोलणार, ते लिहून काढा.